कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात प्रतिजैविके निष्प्रभ का ठरली?

कोविड हा विषाणूचा आजार. तरीही त्या काळात अतिदक्षता विभागात दगावलेल्या काही रुग्णांच्या कागदपत्रांत ‘सेप्सिस’ किंवा ‘सेप्टिक शॉक’ हे शब्द दिसतात. रुग्ण दहा-बारा दिवस व्हेंटिलेटरवर असायचा, करोनाची चाचणी निगेटिव्ह यायची, ऑक्सिजन थोडा सुधारायचा आणि मग अचानक ताप चढून रक्तदाब कोसळायचा. घरच्यांना प्रश्न पडायचा, करोना गेला तर हा नवा जंतुसंसर्ग आला कुठून?

अशा अनेक रुग्णांच्या बाबतीत उत्तर एकच होते. रुग्णालयात ठाण मांडून बसलेले आणि बहुतेक औषधांना दाद न देणारे जिवाणू. हे जिवाणू साथीने जन्माला घातले नाहीत, ते आधीपासूनच तिथे होते. साथीच्या काळात मात्र त्यांना रोखणाऱ्या दोन्ही भिंती एकदम खचल्या. प्रतिजैविके गरज नसताना दिली गेली आणि अतिदक्षता विभागातली संसर्ग रोखण्याची शिस्त कामाच्या भाराखाली मोडली. ते कसे घडले, नागपूर-विदर्भाचा त्यात काय संबंध आणि आज त्यातून काय घ्यायचे, हे समजून घेऊ.

प्रश्न किती मोठा होता?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या दहा रुग्णालयांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जून ते ऑगस्ट २०२० या तीन महिन्यांत या रुग्णालयांत १७,५३४ कोविड रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी ३.६ टक्के रुग्णांना उपचार सुरू असताना जिवाणूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झाला.

हा आकडा लहान दिसतो. पण दाखल झालेल्या सर्व रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १०.६ टक्के होते, तर दुसरा संसर्ग झालेल्यांत ते ५६.७ टक्के होते. म्हणजे अशा दर दोन रुग्णांपैकी एकाहून अधिक जण वाचले नाहीत. दुसरा संसर्ग झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे जंतू सापडले. सर्वांत जास्त आढळला क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू. त्याच्या खालोखाल असिनेटोबॅक्टर बाउमानी होता.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, हे सगळे मृत्यू केवळ जिवाणूंमुळे झाले असे म्हणता येत नाही. जो रुग्ण आधीच जास्त गंभीर आहे तोच जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहतो आणि त्यालाच असा संसर्ग होण्याची शक्यता अधिक असते. दुसरी, नमुना तपासायला पाठवला तरच संसर्ग नोंदला जातो. गर्दीच्या दिवसांत सर्वांचे नमुने गेले असतील असे नाही. या दहा रुग्णालयांतही दुसऱ्या संसर्गाचे प्रमाण १.७ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत वेगवेगळे होते. एवढी तफावत रुग्णांच्या गंभीरपणामुळे, तपासणीच्या सवयीमुळे आणि स्वच्छतेच्या शिस्तीमुळे पडू शकते.

‘औषधाला दाद न देणे’ म्हणजे काय?

‘माझ्या शरीराला आता या गोळीची सवय झाली आहे’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू. प्रतिजैविक दिले की बहुतेक जिवाणू मरतात, पण ज्या थोड्यांकडे बचावाची युक्ती असते ते उरतात आणि वाढतात. काही जिवाणू औषधाचे तुकडे करणारे विकर तयार करतात, काही औषध पेशीबाहेर फेकून देतात, तर काही औषध आत शिरण्याची वाटच बंद करतात.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे ही युक्ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे वर्तुळाकार तुकडे असतात. एका जातीचा जिवाणू असा तुकडा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू एकत्र राहतात, त्यामुळे ही देवाणघेवाण तिथे सहज घडते. म्हणूनच ज्याने आयुष्यात फारशी प्रतिजैविके घेतलेली नाहीत अशा माणसालाही रुग्णालयात असा जिवाणू गाठू शकतो. गोळ्या एकाने खाल्लेल्या असतात आणि किंमत दुसरा मोजतो.

हे संकट साथीआधीच ठाऊक नव्हते का?

होते, आणि त्याची एक ठळक नोंद महाराष्ट्रातलीच आहे. कार्बापेनेम हा प्रतिजैविकांचा गट अतिदक्षता विभागाचा भरवशाचा आधार मानला जातो. मेरोपेनेम आणि इमिपेनेम ही त्यातली परिचित नावे. या औषधांना निकामी करणारे एनडीएम-१ नावाचे विकर शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रथम वर्णन केले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव मांडला. २००९ च्या अखेरच्या काही महिन्यांत त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू मिळाले होते आणि त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होते. विकराच्या नावात दिल्ली असल्यावरून पुढे मोठा वाद झाला. पण मूळ इशारा खराच होता.

पुढच्या दहा वर्षांत परिस्थिती बिघडतच गेली. आयसीएमआर देशातल्या निवडक रुग्णालयांतून औषधरोधाची माहिती दरवर्षी गोळा करते. तिच्या अहवालांनुसार इमिपेनेमला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ मध्ये १४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ३६ टक्के झाले. क्लेब्सिएलाच्या १०० नमुन्यांपैकी २०१६ मध्ये ६५ नमुन्यांवर हे औषध चालत होते. २०२१ मध्ये ते जेमतेम ४३ वर चालले. असिनेटोबॅक्टरच्या बाबतीत तर २०२१ मध्ये ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला दाद देत नव्हते. म्हणजे कोविडचा पहिला रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला तेव्हा आपले शेवटचे हुकमी पान आधीच कमजोर झालेले होते.

अतिदक्षता विभागातच हे जिवाणू का माजतात?

निरोगी माणसाच्या शरीरात जंतूंना शिरायला फारशा वाटा नसतात. त्वचा अखंड असते, खोकल्याने श्वासनलिका साफ होत राहते, लघवीच्या प्रवाहाने मूत्रमार्ग धुतला जातो. अतिदक्षता विभागात रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी आपणच या वाटा उघडतो.

व्हेंटिलेटरची नळी घशातून श्वासनलिकेत जाते. रुग्णाला खोकता येत नाही आणि तोंडातली लाळ नळीच्या कडेने खाली झिरपते. नळीच्या आतल्या बाजूला जिवाणू चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया म्हणतात. मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन रक्तापर्यंतचा थेट रस्ता ठरू शकते. लघवीच्या नळीचेही तसेच. नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

त्यात असिनेटोबॅक्टरसारखा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस, कधी काही आठवडे, जिवंत राहतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरची बटणे, सलाइनचा स्टँड, स्टेथोस्कोप यांपैकी कशावरही. तिथून तो रुग्णापर्यंत मुख्यतः आपल्या हातांवरून पोहोचतो.

साथीत नेमके काय बिघडले?

सर्वांत आधी हात. कोविड वॉर्डात डॉक्टर आणि परिचारिका पीपीई किट घालून सहा-सहा, आठ-आठ तास काम करत. हातात दोन-दोन हातमोजे. एरवी एका रुग्णाला हात लावल्यावर दुसऱ्याकडे जाण्याआधी हात धुण्याचा नियम असतो. पण किट घातलेल्या माणसाला प्रत्येक रुग्णानंतर सगळे बदलणे शक्य नव्हते आणि किटचाही तुटवडा होता. किटने कर्मचाऱ्याचे विषाणूपासून रक्षण केले. एका रुग्णाच्या अंगावरचे जिवाणू दुसऱ्याच्या अंगावर जाण्याचे मात्र त्याने थांबत नव्हते.

दुसरे, मनुष्यबळ. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका हा आदर्श मानला जातो. साथीत एकीकडे अनेक रुग्ण सोपवले गेले आणि अतिदक्षता विभागाचा अनुभव नसलेल्यांनाही तिथे उभे राहावे लागले. रुग्णाला पालथे झोपवल्याने फुप्फुसांना ऑक्सिजन चांगला मिळतो, पण त्यासाठी चार-पाच जणांचे हात लागतात आणि त्या उलथापालथीत नळ्या-लाइन ओढल्या जातात. सेंट्रल लाइनची रोजची निगा, रुग्णाच्या तोंडाची स्वच्छता, पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच ठेवणे ही साधी कामे अशा धावपळीत मागे पडतात. आणि संसर्ग रोखतात ती हीच कामे.

तिसरे, स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. साथीतला हा सर्वांत उपयुक्त शोध होता. पण त्या चाचणीतला डोस ठरलेला होता, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस आणि फायदा दिसला तोही ऑक्सिजनची गरज असलेल्यांमध्येच. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी स्टेरॉइड लवकर सुरू झाले, जास्त दिले गेले आणि लांबले. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि रक्तातली साखर वाढते. जिवाणू आणि बुरशी दोघांनाही ते मानवते.

प्रतिजैविके एवढी का दिली गेली?

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. हे शाळेच्या पुस्तकातले वाक्य डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे नाही. अडचण निदानाची होती. कोविडमध्येही ताप येतो, छातीच्या चित्रात डाग दिसतात आणि सीआरपीसारखी सूज दाखवणारी चाचणी वाढलेली असते. जिवाणूंच्या न्यूमोनियातही हेच दिसते. रात्री दोन वाजता रुग्ण खालावतो आहे, कल्चर अहवालाला दोन-तीन दिवस लागणार आहेत, अशा वेळी ‘असू दे, झाकून ठेवू’ म्हणून मेरोपेनेम लावले जाई. तो निर्णय समजण्यासारखा आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. अहवालात जिवाणू सापडला नाही तरी औषध बंद केले जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मार्च २०२३ या काळातली ६५ देशांमधल्या साडेचार लाख रुग्णांची माहिती तपासली. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी जेमतेम ८ टक्क्यांना प्रतिजैविक लागेल असा जिवाणू संसर्ग होता. प्रतिजैविक मात्र सुमारे ७५ टक्क्यांना दिले गेले.

रुग्णालयाबाहेरचे चित्र वेगळे नव्हते. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी फिरत होती. औषधविक्रीच्या आकड्यांवर आधारलेल्या आणि २०२१ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात प्रौढांच्या प्रतिजैविकांचे नेहमीपेक्षा सुमारे २१ कोटी ६४ लाख डोस जास्त खपले. त्यांत ३ कोटी ८० लाख डोस एकट्या अझिथ्रोमायसिनचे होते. आणि अझिथ्रोमायसिनचा उपयोग? घरी राहणाऱ्या रुग्णांवरची ब्रिटनची प्रिन्सिपल चाचणी आणि दाखल रुग्णांवरची रिकव्हरी चाचणी, दोन्हींत कोविडसाठी त्याचा फायदा दिसला नाही.

नागपूर आणि विदर्भात काय चित्र होते?

नागपुरात पहिला कोविड रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. योगायोगाने त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचे जाहीर केले. शहराला खरा तडाखा बसला तो दुसऱ्या लाटेत. रुग्ण वाढू लागल्याने १५ ते २१ मार्च २०२१ अशी टाळेबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये काही दिवशी जिल्ह्यात चोवीस तासांत सात हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले.

नागपूरचा भार नागपूरपुरता नसतो. मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय रुग्णालये, मिहानमधले एम्स आणि शहरातली खासगी रुग्णालये यांच्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाट, शिवनीपर्यंतचे रुग्ण येतात. अनेक जण आधी एका रुग्णालयात काही दिवस काढून मग दुसरीकडे पोहोचतात. औषधरोधाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. पहिल्या रुग्णालयातला जिवाणू रुग्णाच्या आतड्यात किंवा त्वचेवर बसून दुसऱ्या रुग्णालयात येतो. रुग्णाला त्याचा त्रास होतोच असे नाही, पण शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला होऊ शकतो.

नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. ही संस्था आयसीएमआरच्या औषधरोध देखरेख जाळ्यात सहभागी आहे. एक हजार खाटांच्या या विश्वस्त रुग्णालयातले डॉक्टरही असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला यांच्याशी झुंजत असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय माध्यमांत आल्या. थोडक्यात, हा प्रश्न फक्त मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित रुग्णालयांचा नाही.

आता दक्षिण-पश्चिम नागपुरातला प्रताप नगर परिसर डोळ्यांसमोर आणा. खामला आणि त्रिमूर्ती नगरच्या शेजारची ही वस्ती. शहरातल्या अशा कोणत्याही वस्तीत कोविड झालेले बहुतेक लोक घरीच बरे झाले. त्यांच्यापैकी ज्यांनी डॉक्टरांना न विचारता पाच दिवस अझिथ्रोमायसिन घेतले, त्यांचे वैयक्तिक नुकसान कदाचित काहीच झाले नसेल. पण प्रत्येकाच्या आतड्यात त्या पाच दिवसांत औषधरोधी जिवाणूंची निवड झाली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापासून अतिदक्षता विभागापर्यंत जिवाणूंचा रस्ता असा अखंड आहे.

घरच्यांच्या खिशावर त्याचा काय परिणाम झाला?

महाराष्ट्र शासनाने २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या बहुतांश खाटांचे कोविड दर ठरवून दिले. अतिदक्षता विभागासाठी दिवसाला ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. मात्र या दरांत महागडी औषधे धरलेली नव्हती. त्या वगळलेल्या औषधांत टोसिलिझुमॅबसोबत मेरोपेनेमचेही नाव होते. म्हणजे औषधरोधी संसर्ग झाला की खाटेचे दिवस वाढत आणि औषधांचे बिल वेगळे चढे. वाचलेल्या रुग्णांच्या कुटुंबांनाही हा संसर्ग कर्जाच्या रूपाने दीर्घकाळ पुरला.

मग उपचाराला काय उरते?

कार्बापेनेम चालले नाही तर डॉक्टर कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन बी यांच्याकडे वळतात. कोलिस्टिनचा शोध १९४० च्या दशकाच्या अखेरीस लागला. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून १९७० च्या दशकात त्याचा वापर मागे पडला होता. दुसरे काही उरले नाही म्हणून ते कपाटातून पुन्हा बाहेर आले. कोविडने आधीच मूत्रपिंडावर ताण आलेल्या रुग्णाला ते देणे ही तारेवरची कसरत असते. कुक्कुटपालनात आणि इतर पशुपालनात हे औषध वापरले जात होते. ते माणसांसाठी राखून ठेवता यावे म्हणून केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

नव्या औषधांपैकी सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे संयुक्त औषध काही प्रकारच्या रोधावर चालते. पण एनडीएम विकर असलेल्या जिवाणूंवर ते एकटे चालत नाही. त्याला अझट्रिओनामची जोड द्यावी लागते. म्हणून ‘क्लेब्सिएला आहे’ एवढे कळून पुरत नाही. त्याच्याकडे कोणते विकर आहे हेही प्रयोगशाळेने सांगावे लागते.

काळी बुरशी हा याचाच भाग होता का?

नाते आहे, पण आजार वेगळा. म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची काळी बुरशी, २०२१ च्या मे महिन्यात नागपूरसह राज्यभर पसरली. ती जिवाणूंसारखी प्रतिजैविकांना सरावलेली नव्हती. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा अतिरेक हे तिचे मुख्य आधार होते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी या औषधाचा तुटवडा ही मोठी अडचण होती.

औषधरोधी बुरशीचे उदाहरण म्हणजे कॅन्डिडा ऑरिस. दिल्लीतल्या एका रुग्णालयात एप्रिल ते जुलै २०२० मध्ये अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या ५९६ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. १५ रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली आणि त्यांतल्या दहा जणांत ती कॅन्डिडा ऑरिस होती. त्या दहापैकी सहा जण दगावले.

हे फक्त भारतात घडले का?

नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार तिथे रुग्णालयात होणारे औषधरोधी संसर्ग आणि त्यांचे मृत्यू २०२० या एका वर्षात किमान १५ टक्क्यांनी वाढले. कार्बापेनेमरोधी असिनेटोबॅक्टरचे संसर्ग ७८ टक्क्यांनी, तर कॅन्डिडा ऑरिसचे ६० टक्क्यांनी वाढले. त्याआधी काही वर्षे हे आकडे उतरत होते. म्हणजे श्रीमंत देशातही शिस्त सुटली की जिवाणू परततात. आपल्याकडे मुळात पायाच उंच असल्याने परिणाम अधिक जाणवला, एवढाच फरक.

नियम कोणते आहेत?

कार्बापेनेमसह अनेक महत्त्वाची प्रतिजैविके मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असते आणि तिची ओळख करून देणारी मोहीम केंद्राने २०१६ मध्ये सुरू केली. औषधरोधाचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. कोविडच्या बाबतीत केंद्राने मार्च २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले की जिवाणू संसर्गाचा संशय असल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नये. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन वापरू नयेत, असेही त्यात आहे.

नियम कागदावर पुरेसे आहेत. उणीव अंमलबजावणीची आहे आणि लहान रुग्णालयांपासून दूर असलेल्या प्रयोगशाळांची. कल्चर अहवाल तिसऱ्या दिवशीही हाती पडत नसेल, तर डॉक्टर अंदाजानेच औषध देणार.

आपण काय करू शकतो?

घरातले कोणी अतिदक्षता विभागात असेल तर डॉक्टरांना शांतपणे हे प्रश्न विचारता येतात.

• प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे किंवा थुंकीचे कल्चर पाठवले आहे का? अहवाल कधी येईल?
• हे औषध कोणत्या संसर्गासाठी आहे आणि किती दिवस द्यायचे आहे?
• कल्चरमध्ये काही आले नाही किंवा साधा जिवाणू आला, तर औषध बंद किंवा साधे करता येईल का?
• सेंट्रल लाइन आणि लघवीची नळी आजही गरजेची आहे का?

हे प्रश्न डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासाठी नाहीत. चांगल्या अतिदक्षता विभागात रोजच्या फेरीत डॉक्टर एकमेकांना हेच विचारतात. भेटायला जाताना पलंगाजवळ जाण्याआधी आणि परतताना हात स्वच्छ करावेत. एकाला भेटून शेजारच्या रुग्णाच्या पलंगाला हात लावू नये.

घरी नियम आणखी सोपे आहेत. सर्दी, फ्लू, साधा कोविड यांत प्रतिजैविक लागत नाही. लाल रेषेचे औषध दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नये, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या वापरू नयेत आणि शेजाऱ्याला देऊ नयेत. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच तर ते सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्यावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी आणि फ्लूसारख्या लशी वेळेवर घ्याव्यात. रुग्णालयात जावेच लागले नाही तर तिथल्या जिवाणूंशी गाठ पडण्याचा प्रश्नच येत नाही.

‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच्या वर्षी, जगात औषधरोधी जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार लोक दगावले. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे आज कोणी सांगू शकत नाही. तिच्यातही गंभीर रुग्ण व्हेंटिलेटरवर जातील, हे मात्र नक्की. तेव्हा त्यांना वाचवणारी प्रतिजैविके कामाची असतील की नाही, हे साथ नसलेल्या दिवसांत आपण ती किती जपून वापरतो यावर ठरणार आहे.